इनामाचा हंगाम

थंडीनं जोर धरला की दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. माणसांसाठी नव्हे, द्राक्षांसाठी. फार गारठा पडला तर मणी तडकतात आणि तडकलेला माल परदेशी जात नाही. म्हणून बागाईतदार ओळींच्या टोकाला ओला पाला, भुसा, हाताला लागेल ते पेटवून देतो आणि धुराचं पांघरूण बागेवर घालतो. सकाळी स्कूटीवरून त्या रस्त्यानं निघालं की धूर घशात उतरतो, डोळ्यांतून पाणी येतं, ब्रेकवरची बोटं बधिर होतात. आणि दर हिवाळ्यात एकदा तरी त्या धुरात, हाकेच्या अंतरावर, मला कुणीतरी पळताना दिसतं.

मी भुतंखेतं मानत नाही. उलट त्यांच्याविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटत हिंडलेली मुलगी आहे मी. तरी दिसतं, त्याला काय करू? ताठ पाठ. कोपरं अंगाला चिकटलेली. वेणी टी-शर्टाच्या आत खोचलेली, कारण मोकळी राहिली तर चाबकासारखी पाठीवर बसते, असं ती म्हणायची. जिची ही पाठ, ती बाई जिवंत आहे, धडधाकट आहे. हे तिच्या न झालेल्या आयुष्याचं भूत आहे. असलं भूत कुठल्या भगताला उतरवता येत नाही.

ती मंजी. मंजुळा. पेठकडच्या एका पाड्यावरची. नाशकात आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायची, बारावीत होती आणि आहेर सरांच्या हाताखाली पळायची. आम्ही सगळ्याच पळायचो, पण आमच्या पळण्याला व्यायाम म्हणत. मंजीचं पळणं बघायला दूधवाले सायकली थांबवायचे. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर सर सायकलवर पुढे, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच, आणि मागून तिच्या पावलांचा आवाज. आवाज म्हणजे काय, नसल्यासारखाच. सर म्हणायचे, "बाकीच्या पोरी रस्ता तुडवतात. ही नुसती विचारपूस करते."

मला हा सगळा काळ एका वासानं आठवतो. आयोडेक्स, संत्र्याची साल आणि काळ्यापिवळ्या जीपमधलं डिझेल. थंडीतले रविवार म्हणजे आमचा इनामाचा हंगाम. बागांत द्राक्षं भरायला लागली की गावागावात शर्यती सुरू व्हायच्या. कुठे पतसंस्थेचा वर्धापनदिन, कुठे साहेबांचा वाढदिवस, कुठे सव्वीस जानेवारी. अंतर किती का असेना, नाव एकच: मॅरेथॉन. वणी, कळवण, सिन्नर, पिंपळगाव. आम्ही जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून जायचो. मंजी पहिली यायची आणि स्टेजवर तिला पुठ्ठ्याचा भलामोठा चेक मिळायचा. चेकचं एक टोक साहेबांच्या हातात, दुसरं तिच्या. मध्ये फोटोग्राफर ओरडायचा, "ताई, हसा की! जिंकल्यात ना!" ती हसायची नाही. चेकमागून तिचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसायचे. खरे पैसे, मंडळानं बुडवलं नाही तर, नंतर मंडपामागे पाकिटातून मिळायचे; ती तिथेच पाकीट उघडून बघायची आणि मग हसायची.

संध्याकाळी जुन्या सीबीएस बसस्थानकावर पेठच्या गाडीपाशी तिचा बाप उभा असायचा. उंच, वाळका, डोक्याला मफलर. पाकीट त्याच्या हातात जायचं. तो काही बोलायचा नाही. एकदा मात्र मला म्हणाला, "पोरीच्या पायानं घरावर पत्रे आले." पावसाळ्यात त्या पाड्यावर किती पाऊस पडतो हे ज्याला माहीत आहे, त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

अमेरिकेचं खूळ आणलं सरांनी. दोन हजार चारच्या आसपासचा तो हिवाळा. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की केनियाची पोरं पळण्याच्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेजांत फुकट शिकतात. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी फळा मांडला.

"केनियाची पोरं जातात. आपली मंजी काय कमी हवा खाते?"

"सर, हवाच खाते," मंजी म्हणाली. "मेसमध्ये दुसरं काय असतंय?"

माझे बाबा ओझरच्या विमान कारखान्यात, त्यामुळे मी इंग्रजी शाळेत शिकलेली. म्हणून पत्रव्यवहाराचं खातं माझ्याकडे आलं. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत प्लायवुडच्या खुराड्यात मी आणि मंजी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसायचो. एकेक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मध्ये मंजीची डुलकी व्हायची. अमेरिकन कॉलेजांचे फोटो वरून खाली हळूहळू उमटत. आधी आकाश, मग घंटाघर, मग हिरवळ, सगळ्यात शेवटी माणसं.

त्याआधी एका काचेच्या दाराच्या ऑफिसात जाऊन आलो होतो. परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन. आत टायवाले गृहस्थ, भिंतीवर झेंडे. त्यांनी मंजीकडे पाहिलं, तिच्या चपलांकडे पाहिलं, आणि माझ्याशी बोलायला लागले. "यांचं बजेट काय आहे?" मी म्हटलं, बजेट म्हणजे हिचे पाय. ते हसले. मला आजही ते हसू आठवलं की कानशिलं तापतात. या शहरात मुलांना परदेशी पाठवणाऱ्या ऑफिसांना तोटा नव्हता, पण परवडेल असं कॉलेज शोधून देणारं एकही नव्हतं, कारण परवडणाऱ्या कॉलेजात पाठवून त्यांना काय मिळणार?

मग आम्हीच शिकलो. समुद्राकाठची राज्यं महाग, देशाच्या पोटातली स्वस्त. ज्याचं नाव नाशकात ऐकू येतं ते कॉलेज सोडून द्यायचं. 'शिष्यवृत्ती' या शब्दावर भाळायचं नाही. ती कधी नुसत्या फीची असते. मग राहणं, जेवण, पुस्तकं, आजारपणाचा विमा हे सगळं आ वासून उभंच. दोन वर्षांची छोटी कॉलेजं असतात, तिथं राहून पुढे मोठ्या कॉलेजात जाता येतं. सर फळ्यावर एकेक नाव लिहायचे आणि डस्टरनं पुसायचे. पुसलेल्या राज्यांची पांढरी धूळ त्यांच्या बाहीवर बसायची.

मंजीचा प्रश्न मात्र एकच असायचा, प्रत्येक कॉलेजला. "सुट्टीत मेस चालू असती का?"

सर वैतागायचे. "अगं बाई, तिकडे काय पाहिजे ते मिळतं!"

"मिळतंय ओ सर. पर मेस चालू असती का?"

दिवाळीत आणि उन्हाळ्यात तिचं वसतिगृह बंद व्हायचं. ज्या पोरींना घरी जाऊन मजुरीला लागायचं नसेल, त्यांना त्या दिवसांत कुठे जायचं हा प्रश्न पडायचा. तिनं अमेरिकेलाही तोच प्रश्न विचारला. मी तो इंग्रजीत नीट करून पाठवत होते. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी रंगीत माहितीपत्रक पाठवलं. एकीनं उत्तर दिलं.

ती मक्याच्या शेतांमधल्या एका लहानशा कॉलेजची कोच होती. नाव सांगत नाही. तिनं लिहिलं होतं की नाताळात मेस बंद असते, पण धावणाऱ्या मुली तिच्या घरी जेवतात. ती बरा स्वयंपाक करत नाही, तरी अजून कुणी मेलेलं नाही. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा मंजी पहिल्यांदा त्या पडद्याकडे सरळ वळून बसली.

"हिच्याकडं जाऊ," ती म्हणाली.

बास. निवड झाली. अमेरिकेतली एवढी कॉलेजं, आणि निवड झाली ती एका बाईच्या वाईट स्वयंपाकावर. त्या कॉलेजात फी, खोली, जेवण सगळं धरून मिळत होतं. आधी वर्षभर भाषेचा वर्ग, मग पुढचं. विमानाचं तिकीट सर कुणाकुणाकडून उभं करणार होते.

त्या हिवाळ्यातले ते आठवडे अजून माझ्या अंगात आहेत. धरणावरून धुकं उठायचं, रस्त्याकडेच्या बाभळीवर दव लोंबायचं, आणि आम्ही पळता पळता इंग्रजी बोलायचो. मी विचारायची, ती धापेच्या मधल्या फटीत उत्तर द्यायची. माय नेम इज मंजुळा. माय व्हिलेज इज हिल. माय फादर इज टॉल. एकदा चढावर मी दमून मागे पडले तेव्हा ती मागे न बघता ओरडली, "वैशे, कम! मेस इज क्लोजिंग!" सर सायकलवरून पडता पडता वाचले.

मग कोचचं पत्र आलं. हिच्या शर्यतींचे पुरावे पाठवा. कुठे पळाली, कितवी आली, वेळ किती लागली.

आता बघा. सरांच्या स्टॉपवॉचवरची वेळ कोण मानणार? राज्य पातळीवर ती पळाली होती, पण प्रमाणपत्रावर नुसता क्रमांक आणि चार सह्या. आणि आमच्या गावोगावच्या मॅरेथॉनींत वेळ कुणी लिहीतच नाही. पहिला कोण, एवढंच बघतात. शेवटची रेषा चुन्याची असते आणि पहिली पोरगी ती ओलांडायच्या आत माणसं तिच्यावर चालून येतात. पुरावा राहतो तो एकच: दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो. मंजी, साहेब आणि पुठ्ठ्याचा चेक.

सरांकडे अशी सगळी कात्रणं जपून ठेवलेली होती. आम्ही ती सायबर कॅफेत नेली. कॅफेवाल्यानं स्कॅनरची काच शर्टानं पुसली आणि पैसे घ्यायला नकार दिला. "आपल्या नाशिकची पोरगी आहे," म्हणाला. एकेक कात्रण प्रकाशाखालून सरकत होतं. चेकवरचा आकडा ठळक दिसावा म्हणून सरांनी दोन फोटो पुन्हा स्कॅन करायला लावले. "त्यांना कळू दे, साधी शर्यत नव्हती." मंजीनं आपला चेहरा पहिल्यांदा इतका मोठा पाहिला. "काळी दिसती लय," म्हणाली, आणि खूश होती.

उत्तर आलं तेव्हा बागांत तोडणी सुरू झाली होती. रस्त्यानं क्रेटच्या गाड्या धावत होत्या. पत्र लांब होतं, मऊ होतं, आणि कोचला ते लिहिताना वाईट वाटलं असावं. अर्थ एवढाच होता: कॉलेजच्या खेळाडूनं खेळून पैसे मिळवलेले चालत नाहीत. शर्यतीला येण्याजाण्याच्या खर्चापेक्षा जास्त इनाम घेतलं की तो खेळाडू व्यावसायिक ठरतो. मुलीनं वर्षानुवर्षं इनाम घेतल्याचं आम्हीच पाठवलेल्या फोटोंत दिसत होतं. ती पळते, याचा जो पुरावा होता, तोच ती अपात्र असल्याचा पुरावा झाला. आमच्याकडे दुसरा कागदच नव्हता.

मी त्या शब्दावर कितीतरी वेळ अडकून बसले. व्यावसायिक! वसतिगृहाच्या मोरीत रात्रीचा टी-शर्ट धुऊन सकाळी ओलाच घालणारी ही व्यावसायिक. आणि पगारी कोच, तिकीट लावून भरणारी मैदानं, बुटांच्या कंपन्यांचे करार, हे सगळं शुद्ध? सगळ्यांनी खायचं, फक्त जी पळते तिनं उपाशी पळायचं, हा कुठला खेळ? ज्याच्या घरी दोन वेळचं आहे त्यालाच खेळाचं निर्मळ प्रेम परवडतं. नियम करणाऱ्यांनी पाड्यावरची मुलगी बघितलेली नव्हती. बघितली असती तरी नियम तोच केला असता, असं मला वाटतं.

पत्राच्या शेवटी एक फट ठेवलेली होती. इनाम प्रत्यक्ष हातात पडलं नसेल, तर तसं लिहून द्या, आम्ही पुन्हा विचार करू.

आम्ही शेडमध्ये बसलो होतो. दुपार होती, पत्रा तापून टकटक वाजत होता. सरांनी घसा साफ केला. "पुठ्ठ्याचाच तर चेक असतो. तो काय बँकेत वटतो? आपण लिहू, फोटोपुरता होता. इनाम मिळालं नाही. निम्म्या मंडळांनी आपल्याला बुडवलंच आहे ना? खोटं कुठे आहे त्यात?"

"पर बाकीच्यांनी दिलंय की," मंजी म्हणाली.

"ते कोण बघायला येतंय, बाळा?"

ती पायाच्या अंगठ्याचं नख सोलत बसली. मग तिनं जे विचारलं ते चिडून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. "सर, नाय घेतलं म्हणायचं, तर घरावरचे पत्रे उतरवून ठेवू का?"

सर स्टॉपवॉचची नाडी बोटाला गुंडाळायला लागले.

"माझा बा पेठच्या गाडीपाशी थंडीत उभा राहायचा. त्याला काय सांगू? काय घ्यायला उभा होता तो? मी पळाले, कमावलं. चोरलं का काय? मी नाय लिहायची."

"मंजे, चार वर्षांचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "एक ओळ लिहायची आहे फक्त."

"तू लिही तुझ्या नावानं," ती म्हणाली, आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागली. त्या रविवारी वणीला शर्यत होती. ती पळाली, पहिली आली, चेक धरून उभी राहिली. त्या फोटोत ती हसते आहे. तिच्या सगळ्या फोटोंतला तो एकच हसरा.

बारावीनंतर ती पाड्यावर गेली ती गेलीच. लग्न झालं, अशी बातमी आली. मग सरांच्यात आणि माझ्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. आम्ही कधी ठरवून बोललो नाही, पण तो चालू राहिला. सप्टेंबर आला की सर म्हणायचे, "तिकडे आता कॉलेज उघडलं असेल." डिसेंबरात म्हणायचे, "बर्फ पडलं असेल. पोरीला हातमोजे द्यायला हवे होते." कोण पोरगी, ते दोघांनाही ठाऊक. मीही त्या कॉलेजचं पान उघडून बसायची. आता फोटो झटक्यात उमटतात. पिवळ्या बनियनमधल्या मुली, मागे मक्याची शेतं. मी त्यांच्या रांगेत जागा शोधायची. ही पहिल्या वर्षाला असती. आता दुसऱ्या. आता तिला त्या बाईच्या हातचं जेवण अंगी लागलं असतं. नंतर कुणीतरी सांगितलं, तिकडे लहान कॉलेजांच्या दुसऱ्याही संघटना आहेत, त्यांचे नियम थोडे सैल असतात म्हणे. कदाचित जमलं असतं. हा 'कदाचित' मला झोपेतून उठवतो.

आता ती चार वर्षं उलटलीत. आमचं भूत पदवीधर झालं. तरी ते धुरातून पळायचं थांबत नाही.

दरम्यान मी भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या संघटनेत पडले आणि मला जे येतं ते केलं. पत्रक काढलं. 'खेळाडू भगिनींनो, इनाम घेण्याआधी हे वाचा!' परदेशी शिकायचं असेल तर चेकचा फोटो काढू नका, खर्चाच्या पावत्या ठेवा, वेळ लिहून घ्या, काचेच्या दारांपासून सावध राहा. गुलाबी कागद, ठळक ठसा. गेल्या महिन्यात वणीच्या शर्यतीत मी ते चुन्याच्या रेषेपाशी वाटत होते. एक मुलगी धापा टाकत आली, पहिल्या तिघींतली असावी. पत्रक वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली, तिथे काही छापलेलं नव्हतं.

"म्हणजे इनाम घ्यायचं नाय?"

"अमेरिकेत शिकायचं असेल तर नाही."

"आन् अमेरिका येईस्तोवर खायचं काय, ताई?"

लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती स्टेजकडे पळाली. पत्रक घामानं तिच्या तळहाताला चिकटलेलं होतं.

उरलेला गठ्ठा घेऊन मी दिंडोरीच्या रस्त्यानं परत येत होते. एका बागेच्या कडेला बायकांची टोळी विरळणीला बसलेली दिसली. म्हणजे कात्रीनं प्रत्येक घडातले काही मणी कापून टाकायचे, तेव्हा उरलेले एकसारखे फुगतात. त्यांच्यात एक ताठ पाठ होती. मी गाडी बंद केली. या वेळी धूर नव्हता, उन्हं वर आली होती.

"मंजे!"

ती वळली. कपाळाला पदराची घडी, हातात कात्री, बोटं हिरवी. ओळखायला तिला क्षणही लागला नाही. "वैशे! किती जाडी झालीस गं!" आणि मग, हात चालू ठेवूनच, "सर कसे हायत? सायकल चालवतात का अजून?"

तिचा मुलगा बांधावर झोळीत झोपला होता. दर हिवाळ्यात पाड्यावरून सगळी टोळी इकडे येते, म्हणाली. म्हणजे एवढे हिवाळे मी ज्या धुरातून गेले, त्या धुराच्या पलीकडच्या ओळीत ती होती. मी पत्रक दिलं. ते तिनं सावकाश, ओठ हलवत वाचलं. कापलेले मणी तिच्या पायाशी पडले होते, हिरवे, कडक, चांगले.

"ती बाई जेवू घालती का अजून पोरींना?" तिनं विचारलं.

"घालत असेल."

"हं." तिनं पत्रकाची घडी केली, कमरेला खोचली. "हे आम्हाला कशाला वाटती? त्या अमेरिकावाल्यांना पाठव की. आम्हाला माहीतच हाय इनाम का घेतो ते."

तेवढ्यात मुकादमाची हाक आली. दुसऱ्या बागेत जायचं होतं, पिकअप निघाली होती. बायका घाईघाईनं चढल्या, कुणीतरी झोळीसकट पोर वर घेतलं. मंजीची कात्री वेलीत राहिली होती, ती काढायला ती परत फिरली, आणि गाडी हलली. बायका ओरडायला लागल्या, "पळ गं मंजे! पळ!"

ती पळाली. साडी गुडघ्यावर खोचून, अनवाणी, ढेकळांच्या रस्त्यावरून. कोपरं अंगाला चिकटलेली. पावलांचा आवाज नसल्यासारखाच. गाडीनं वेग धरला होता तरी तिनं फळी गाठली, एका हातानं धरली, आणि वर गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग वळणावर गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली.

वेळ कुणी लिहून घेतली नाही. फोटो निघाला नाही, चेक नव्हता, इनाम नव्हतं. आता तिकडच्या नियमात ती अगदी चोख बसत होती.